ओढ्याचं नाव

प्रिय जेठ्या,

उवाक्... उवाक्... मग जरा थांबून पुन्हा एकदा. भर सकाळी, ऊन पानांवर चढलेलं असताना, सागाच्या वाळक्या फांदीवर मान फिरवत बसलेला तो रानपिंगळा, आणि माझ्या तोंडावर तुझा राठ हात. "मास्तर, आता कविता नको," असं कानात म्हणाला होतास. बारा वर्षं झाली. तापीच्या घाटावरच्या देवळात घंटा वाजते तेव्हा तिच्या मागे मी अजून तोच आवाज धुंडाळतो.

तू बोलणं टाकल्यापासूनचं हे पाचवं पत्र. उत्तर नाही आलं तरी लिहितोय, कारण आता वेळ थोडा उरलाय. नंदुरबारचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डावा गेला, उजव्याचा पडदाही झिजतोय. दिवाळीपर्यंत जे बघायचं ते बघून घ्या. मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. तो पक्षी, आणि त्याच्या शेजारी तू. रागावलेला का होईना.

म्हणून दुर्बीण घ्यायचं ठरवलं. नात चारुलता मोबाईलवर एकेक दाखवत होती आणि मी लग्नाच्या स्थळासारखी नाकारत होतो. मला दहा पटीची हवी होती. तर ती म्हणते, "आबा, तुमना हात कितला कापतस! दहानी लिधी ते पक्षी नही, भूकंप दिखी." मग आठ पटीवर आलो. मोठ्या भिंगाची उजेड जास्त घेते, पण गळ्यात वरवंटा बांधल्यासारखी जड. आपला पिंगळा दिवसा बसणारा, त्याला पंचवीस मिलिमीटरचं भिंग पुरे. चष्म्यावरून बघायचं तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली फिरवायच्या, हेही शिकलो. सदऱ्याच्या खिशात मावते. एवढीशी वस्तू, पण बोर्डिंगात नवी वही मिळाल्यावर जसा वास घेत बसायचो, तसा तिचा वास घेत बसलो.

शहाद्याचं ते बोर्डिंग आठवतं? मी चालीवर कविता म्हणायचो म्हणून तू मला मास्तर केलंस. पुढे मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झालो, तरी तुझा मास्तरच राहिलो. सुट्टीत तोरणमाळला तुझ्या घरी यायचो. तुझी गलोल तितराला कधी चुकायची नाही, माझा दगड मात्र झाडालाही लागायचा नाही. तुझे बाबा शिकार शिकवताना एकच अट घालायचे: घरट्यावरच्या पाखराला मारायचं नाही, आणि घरट्याची जागा तोंडातून काढायची नाही, बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही. पुढे तू गलोल मारायची सोडलीस, पण खांद्यावरून उतरवली नाहीस. अट तर तुझ्या हाडातच होती.

आणि ओढ्याकाठची, रानपिंगळ्याच्या घरट्याची ती ढोली तू मला दाखवलीस. साऱ्या जगात फक्त मला.

जेठ्या, मी ती जागा कुणाला सांगितली नाही रे. मी कविता केली. गावच्या दिवाळी अंकात छापली. तिसऱ्या ओळीला यमक जुळेना, म्हणून ओढ्याचं नाव घातलं. खरं नाव. तिथे दुसरा शब्द बसला असता, मला आज सात सुचतात. पण तेव्हा ओळ इतकी गोड लागली की मीच तिच्यावर भाळलो. महिन्याभरात लोक कॅमेरे घेऊन आले, त्यांच्या मागून पाखरं विकणारे आले कुऱ्हाड घेऊन. ढोली फोडलेली, खाली दोन पिसं. तू ती पिसं माझ्या दारात ठेवलीस आणि पाणीसुद्धा न पिता आल्या पावली परत गेलास. त्यानंतर मी कवितेची एकही ओळ लिहिली नाही.

दुर्बीण आली त्या सकाळी गच्चीवर जाऊन तापीकडे लावली. गोलाच्या कडेला पाणी दिसलं, काठावरची झाडं दिसली. मधोमध राखाडी डाग. जिथे रोखून बघावं तिथेच काही नाही. काच फिरवून फिरवून बोट दुखलं. दोष तिचा नव्हता. डॉक्टरांची दिवाळी माझ्याकडे लवकर आली.

म्हणून हे पत्र, ओळी अंदाजाने ओढतोय. दुर्बीण सोबत पाठवतोय, ती माझ्यासाठी नाहीच आता. तुझा हात कापत नाही. ओढ्यावर पुन्हा जोडी आली असेल तर बघ. कुठे ते सांगू नकोस. नुसतं "आहे" एवढं एका कार्डावर लिही. चारू वाचून दाखवेल. तेवढ्यावर मी उरलेला अंधार काढीन.

तुझाच,
मास्तर अमृत

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. चारू सांगतेय, "आबा, वरतीनं कोणी बाई उनी शे. ठकुबाई नाव सांगस." तुझी बायको ठकुबाई, जी तुझ्याशिवाय कधी घाट उतरली नाही. मी विचारलं, सोबत कोण? चारू म्हणाली, एकटीच शे. तोंड मला दिसत नाही. पण तिने माझ्या हातात जे ठेवलं, ते चाचपायला डोळे लागत नाहीत. तुझी गलोल आहे, जेठ्या.