माझ्यामागे लगेच झाडू नका

मी, सिंधु हणमंतराव सोमवंशी, वय ७१, धंदा शेती, राहणार औसा, जि. लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही; दाब आणणारे आमचे हे चार वर्षांपूर्वीच गेले.

१. राहतं घर मुलगा दयानंद याला. पाटल्या सूनबाईला. माझं तिने मुलापेक्षा जास्त केलं. दयानंदने त्या मोडू नयेत.

२. दीर भागवत भावजी यांना काही नाही. का, ते पुढे येईल.

३. माझ्या नावची दोन एकर, विहिरीसह, मुलगी शिल्पा हिला. बारा वर्षांपूर्वी तिने नांदेडच्या आनंदराजशी लग्न केलं. तो बौद्ध, सरकारी नोकरीत. माणूस सोन्यासारखा आहे, असं शेजारची गौरम्मा सांगते. मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. दोघं पाया पडायला आली होती. ह्यांनी दारातूनच परत लावून दिलं. भावजी ओट्यावरून म्हणाले, "मेली समजा तिला. वैनी, मागं झाडून घ्या."

आपल्यात माणूस गावाला निघालं तरी लगेच झाडत नाहीत. प्रेत उचललं की झाडतात. हे मला ठाऊक होतं, तरी मी फडा उचलला. आवाज ऐकून शिल्पाने वळणावरून मागे पाहिलं. गौरम्मा ओरडली, "सिंधु, लेक जित्ती हाय गं! ठेव त्यो फडा!" मी पार फाटकापर्यंत झाडत गेले.

हे आणि भावजी हात झाडून मोकळे झाले. अंगण झाडणारे हात माझे होते. दर लक्ष्मीपूजनाला नव्या फड्याला हळदकुंकू लावायला आता सूनबाईला सांगते. शिल्पाची रोज आठवण येते. फोन करायची मात्र हिंमत झाली नाही.

४. माझं प्रेत निघाल्यावर घर लगेच झाडू नये. आधी शिल्पाला कळवावं. नंबर गौरम्माकडे आहे. पाहुणे नाकं मुरडतील, मुरडू द्यावीत. ती आली, तर जावईबापूंना आत बसवावं आणि फडा तिच्या हातात द्यावा. मी तिच्यामागे ती जिवंत असताना झाडलं. तिने माझ्यामागे रीतीने झाडावं. नाही आली, तर तिला बोल लावू नये.

ठिकाण : औसा
दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार : सिंधु हणमंतराव सोमवंशी (सही)

साक्षीदार :
१. बसवराज गुंडप्पा, किराणा दुकानदार (सही)
२. गौरम्मा रेवणप्पा, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा). त्या दिवशीचं झाडणंही हिनेच पाहिलं आहे.