मांडव हलवता येतो

९ मे, शुक्रवार. संध्याकाळी सहा.
मिशन ट्रिप सुरू. यवतमाळपासून नेरजवळचा हा तांडा एकतीस किलोमीटर आहे, पण मनानं बघितलं तर फार लांब. चर्चच्या तरुण संघाचे आम्ही अकरा जण. लीडर मी. आजपासून रोज लिहिणार, कारण मोठी कामं करणारे लिहून ठेवतात.

निघताना पाळकसाहेबांनी बजावलं की तिथं प्रवचनं देऊ नका, हातानं काम करा. बरोबर आहे. माझं कामच माझी साक्ष देईल. आई मात्र गेटवर सगळ्यांसमोर म्हणाली, क्षितिज, सेवा शिकून ये रे बाबा, घरी जेवलेलं ताट उचलत नाहीस. आईला मिशन म्हणजे काय ते कळत नाही.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. उन्हाळ्याची सुट्टी आहे. पंखा एकच. त्याखाली लीडरनं झोपावं असं सर्वानुमते मी ठरवलं.

१० मे. दुपार.
तांड्याचे नायक बाबूसिंग यांना भेटून प्रकल्प सांगितला. सहा नळांचं हात धुण्याचं केंद्र. विटांचा ओटा, पाठीमागं भिंत, भिंतीला नळ. जागा तांड्याच्या मधोमध, मोकळ्या मैदानात. बाबूसिंगनी विचारलं, "नळाले पानी कुठून येईन साहेब?" म्हटलं, पाणी फेज टूमध्ये आहे. सध्या पाणी पाऊण किलोमीटरवरच्या बोअरवरून येतं. म्हणजे बाया डोक्यावर आणतात.

मग ते म्हणाले, "थोडं बाजूले घ्या ना. सतराले आमच्या राखीचं लगन हाय. मांडव इथंच पडते." राखी त्यांची मुलगी. मी शांतपणे समजावलं की मधोमध बांधलं तरच फोटोत मागं अख्खा तांडा येतो. ते मैदान एकदा पायानं मोजून आले. शेवटी म्हणाले, "पाव्हने हा तुमी. पाहा बाप्पा." संमती मिळाली.

मांडव हलवता येतो, व्हिजन हलवता येत नाही. (रिपोर्टमध्ये घालणे.)

रिपोर्ट अठराला रविवारच्या उपासनेत सगळ्यांसमोर वाचायचा आहे. त्यावरून विभागाचा युवा समन्वयक निवडणार. फॉर्मवर मुख्य रकाना: सेवेचा लाभ मिळालेल्यांची संख्या. मागच्या वर्षीच्या लीडरनं एकशेचाळीस लिहिली होती. आपण दोनशेच्या खाली जायचं नाही.

११ मे, रविवार.
सकाळी प्रार्थना. नंतर प्लॅनिंग. तापमान ४४, त्यामुळं प्लॅनिंग पंख्याखाली.

नायकांच्या घरून दोन्ही वेळा अकरा जणांचं जेवण आलं. भाकरी, वरण, ठेचा. मी "कशाला त्रास" असं एकदा स्पष्टपणे म्हणालो. त्यांच्या बायको, बसंतीबाई, म्हणाल्या, "लेकरं दारात आले अन् उपाशी ठेवू का?" आमच्यासाठी पाणीही त्या आणि राखीच आणतात, आठ गुंड (इकडं हंड्याला गुंड म्हणतात) सकाळी, आठ संध्याकाळी. धूळ फार असल्यानं मला दोनदा आंघोळ लागते. लग्नघर असूनही या मायलेकींना इतका रिकामा वेळ कसा मिळतो, नवल वाटतं.

१२ मे.
पायाभरणी. बाबूसिंगचा पुतण्या शाम अर्धा तास उभा राहून बघत होता. यवतमाळात गवंडी आहे म्हणे, लग्नासाठी गावी आलाय. म्हणाला, "भाऊ, इटा भिजवल्या नाई तं माल धरत नाई. सरका, मी लावतो." नम्रपणे नकार दिला. लाभार्थीच कामाला लागला तर तो लाभार्थी राहत नाही. त्याला मोबाईल देऊन व्हिडिओ काढायला लावलं. नीट काढला नाही, भिंतच जास्त घेतली.

विटा भिजवल्या नाहीत. पाणी ही मौल्यवान गोष्ट आहे.

संध्याकाळी आंघोळ. बरं वाटलं.

१३ मे. रात्रीच्या जेवणाआधी.
शिस्तभंग. भैरवी (आमच्यातलीच, डी.फार्म करते) सकाळी नऊला थापी टाकून राखीबरोबर बोअरवर गेली आणि डोक्यावर गुंड घेऊन आली. तीन खेपा. नंतर नायकांच्या ओसरीवर बायांत बसून गहू निवडत होती. तोंडी समज दिली. ती म्हणाली, आपण अकरा जण ह्यांचं रोज किती पाणी संपवतो ते बघितलंस का? मी म्हटलं, संख्येचा विषय माझ्याकडं आहे.

भिंत थोडी डावीकडं झुकते. शाम हसला. उजव्या बाजूनं फोटो घेणे.

१४ मे.
लिहवत नाही. ऊन लागलं.

१५ मे. सकाळ.
आता बरा आहे. काल अकरा वाजता विटा उचलतानाच चक्कर आली. (विटा आमच्यातला श्रीकृष्ण उचलत होता, पण मी उभा होतो.) बसंतीबाईंनी ओसरीवर नेऊन निजवलं. कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला, दिवसभर कपाळावर ओलं फडकं बदलत बसल्या. काल त्यांना नेरला लग्नाचा बस्ता करायला जायचं होतं. बाहेर जीप उभी होती, राखी दोनदा येऊन गेली. त्या म्हणाल्या, "जा तुमी. पराया मायचं लेकरू हाय, टाकून कशी येऊ?" शेवटी शाम एकटाच जाऊन राखीचे कपडे घेऊन आला. मीही उपचारांना पूर्ण सहकार्य केलं.

१५ मे. संध्याकाळ.
केंद्र पूर्ण! नळ बसले. फीत कापायला नायकांच्या घरातून लाल लेस मागून आणली. भैरवीला सांगितलं, वरून मगानं पाणी सोड, फोटोत नळ चालू दिसेल. तिनं साफ नाही म्हटलं. कोरडाच फोटो काढला.

सगळे गेल्यावर राखी आली. ओट्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "भाऊ, आता माया मांडव कुठं पडन?" मी शाळेमागची जागा दाखवली. तिथं उकिरडा आहे, पण झाडून घेता येईल. तिचे डोळे भरून आले होते. पहिल्यांदा सुविधा मिळाली की लोकांचं असं होतं.

१६ मे.
सकाळपासून पाव्हणे येताहेत. श्रीकृष्ण म्हणाला, वऱ्हाड धरून चारशे होतील. चारशे! हे सगळे केंद्र बघणार, म्हणजे लाभार्थीच. प्रभू वाट काढतो ती अशी.

मांडववाला बांबू-बल्ल्या घेऊन आलाय आणि ओट्याकडं बघत बसलाय. बाबूसिंग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शाम येऊन म्हणाला, "भाऊ, तुमीच काय तं करा. नाई तं आमी करतो." म्हटलं, उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर मीटिंग घेऊ.

१७ मे. सकाळी साडेसात.
केंद्र नाही.

मी उठलो तेव्हा मैदानात मांडव उभा होता. मधोमध. शाम आणि आणखी दोघांनी उन्हं यायच्या आत वीस मिनिटांत ओटा काढला. पहारसुद्धा लागली नाही म्हणे, विटा हातानंच सुटत होत्या, एकीलाही सिमेंटचा माल चिकटलेला नव्हता. मांडवामागं त्याच विटांच्या चार चुली मांडल्यात. बसंतीबाई चुलीला जाळ घालता घालता म्हणाल्या, "इटा लय चांगल्या आनल्या बापू तुमी." सहाही नळ पिशवीत घालून माझ्या उशाशी ठेवले होते.

बाबूसिंग आले आणि त्यांनी हात जोडले. "माफी करा साहेब. पोरीचं लगन हाय." मी माफ केलं.

१७ मे. परतीची एसटी.
पहिल्या पंगतीला आम्हा अकरा जणांना बसवलं, वऱ्हाडाच्याही आधी. भैरवी बसली नाही, वाढत होती. मग बसंतीबाईंनी तिच्या हातातली बादली काढून घेतली आणि तिलाही बसवलं. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. भाजी फार छान. तीनदा घेतली. हात धुवायला शामनं तांब्यानं पाणी घातलं.

माझी पत्रावळ बसंतीबाईंनीच उचलली. त्या वाकल्या तेव्हा दिसलं की अंगावर रोजचंच पातळ आहे, पदराला विरलेलं. मुलीच्या लग्नात. बुधवारचा बस्ता मला तेव्हा आठवला. लाज वाटली. असं मला सहसा होत नाही. ऊन पूर्ण उतरलं नसावं.

भैरवीचं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म तिला भरायला दिला. चारशे लिही म्हणालो. ती म्हणाली, खरी संख्या लिहिते. म्हटलं, चालेल, नावंही टाक, वजन येतं. झोप येत होती, न वाचताच सही केली.

१८ मे, रविवार.
चर्च गच्च भरलं होतं. आई दुसऱ्या रांगेत, नवीन साडी. मी पुढं उभा राहून खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. प्रकल्प: हात धुण्याचं केंद्र. सद्यःस्थिती: लग्नाच्या चुली. इथं पाळकसाहेबांनी चष्मा काढला. थांबता येत नव्हतं. सेवा देणाऱ्यांची नावं: बसंतीबाई, राखी, बाबूसिंग, शाम. सेवेचा लाभ मिळालेल्यांची संख्या: अकरा. खाली नावं. एक, क्षितिज.

बाकीची दहा नावं वाचायला मला फार वेळ लागला. अकरावं भैरवीनं स्वतःचं लिहिलं होतं. खाली माझी सही, ठळक.

वाचून झालं. मग "आमेन" ऐकू आलं. आईचा आवाज होता.