जांभळा बाण

सोमवार, १० नोव्हेंबर

आज दवाखान्यात आले. दवाखाना कायचा, हॉटेलच आहे. सदर भागात, चार मजली, फरशी अशी की पाय ठेवायची लाज वाटावी. माझा सुपारी-तंबाखूचा खर्रा सिस्टरनं दारातच काढून घेतला. खालच्या मजल्यावर गुडघे-खुबे बदलतात, वर नाकं-गाल दुरुस्त करतात. डॉक्टर उन्मेष म्हणे, आता मशीनचा हात हाड कापतो, केसाचाही फरक नाही, पेशंट त्याच दिवशी चालतो. मी म्हटलं, मशीनले सांगा, चाळीस वर्षं विटा वाहिलेलं हाड आहे, जपून. पुढच्या दसऱ्याले दीक्षाभूमीवर माझ्या पायानं जाईन, पोराच्या खांद्याले लोंबकळून नाही.

पोरगा संघपाल मले सोडून ड्युटीवर गेला. त्याची पोट्टी दीप्ती माझ्याजवळ राहील. सतरा वर्षांची, बारावीत, दिवसभर मोबाइलमध्ये आपलंच तोंड पाहते. कसरतवाली बाई म्हणे, रोज किती पावलं चालल्या ते लिहा. म्हणून ही वही.

सिस्टरनं कागदांचा गठ्ठा आणला न शाईचं पॅड पुढं केलं. मी म्हटलं, अंगठा तुझ्या सासूचा घे, मी चौथी शिकले. सगळ्या कागदांवर सही ठोकली, भराभर.

शेजारच्या पलंगावर सक्करदऱ्याची तारा, खुब्यासाठी आलेली. पहिल्याच तासात पंख्यावरून भांडली. जमेल आमचं.

मंगळवार, ११

सकाळी डॉक्टरनं माझ्या डाव्या गुडघ्यावर जांभळ्या पेनानं बाण काढला, ताराच्या खुब्यावरही. चुकीचा पाय कापू नये म्हणून. चांगली रीत आहे. दोघींचं ऑपरेशन झालं. टाके दिसतही नाहीत. संध्याकाळी बारा पावलं चालले. तारा दहा. मी तिले चिडवलं.

बुधवार, १२

चाळीस पावलं. पाय फुलासारखा हलका. फक्त तो दाराकडे वळत नाही, वरच्या लिफ्टकडे वळतो. कसरतवाली म्हणे, सवय होईल.

सकाळी ताराच्या नाकावर बाण. कोणी काढला, तिले माहीत नाही. डॉक्टर म्हणे, मी नाही काढला. मी ताराले म्हटलं, काहून वं, खुब्याचं दुखणं नाकात चढलं काय? ती हसली नाही. दुपारी आपल्या मनानं उठली न लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली.

गुरुवार, १३

तारा खाली आली. नाक चाफेकळीसारखं. पण हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं, ते नाही. नुसती गुळगुळीत कातडी. भांडेल म्हणून मी मुद्दाम पंखा बंद केला. तिनं पाहिलं न म्हणाली, आपण कोण, मावशी?

तिच्या कपाळावर, कानांवर, गळ्यावर बाण. सगळे नवे.

आंघोळीच्या वेळी माझ्या कोपरावर एक दिसला. साबण लावला, खोबरेल लावलं, दीप्तीचं नखं पुसायचं पाणी लावलं. जात नाही. सिस्टरले विचारलं तर तिनं फाइल उघडून दाखवली. कागदावर लिहिलं होतं, डावा कोपर. खाली सही.

माझीच.

त्याच्याखाली अजून कागद. त्याच्याखाली अजून.

शुक्रवार, १४

ताराच्या पलंगावर एक तरुण बाई बसली आहे. नाव तारा सांगते. तिचा पोरगा डबा घेऊन आला. पलंगाकडे पाहिलं न सिस्टरले विचारलं, माझी आई कुठं आहे? ती बाई त्याच्याकडे पाहून गोड हसली. तो डबा घेऊन आईले शोधत खाली गेला.

काल मले बाणाची भीती वाटत होती. आज वेगळीच. कोपरावर बाण आला तेव्हापासून वर जावंसं वाटून राहिलं. वर बरं वाटेल असं कोणी तरी आतून म्हणते. तो आवाज माझा नाही.

संघपालले फोन केला. म्हणे, आई, डॉक्टरले तुझ्यापेक्षा जास्त समजते, किरकिर नको करू, रविवारी येतो.

शनिवार, १५

दीप्तीच्या हनुवटीवर बाण.

म्हणे पेन लागला. पेन असा लागते काय? फाइल ओढली. तिच्या नावाचा कागद. पालकाची सही — माझी. मले वाचता येत होतं. वाचलं नाही. सही करता येते ही ऐट.

तिले म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जा. हसते. म्हणे, एवढं झालं की जाते. माझी पोट्टी असं हसत नाही.

मग थुंकी लावून अंगठ्यानं घासला. निघाला! निघून माझ्या अंगठ्यावर आला. पोट्टी एकदम रडायले लागली, आजी चल इथून, चल म्हणे. मी उठले तर पाय लिफ्टकडे —

पुन्हा तिच्याकडे पाहिलं. गालावर दोन नवे. पोट्टी हसून राहिली.

रविवार, १६

संघपालचा फोन लागत नाही.

दीप्तीच्या गालावरचे दोन्ही काढले. माझ्या मनगटावर आले. एक काढला की तिचा एक हट्ट जातो, माझा एक वाढतो. वर — वर छान आहे म्हणे. नाही. हे मी नाही लिहिलं.

पाय आपोआप उठतो. दीप्तीच्या ओढणीनं पलंगाले बांधला. सिस्टर लिफ्टचं दार धरून उभी आहे. घाई नाही तिले. 

आता एकच राहिला. दीप्तीच्या गळ्यावर, रात्रीतून उगवलेला. तिले समजावलं, हा निघाला की जिन्यानं पळायचं. लिफ्टनं नाही. मी हाक मारली तरी थांबायचं नाही. मी तिले जन्मात बेटा म्हटलं नाही, पोट्टीच म्हणते. बेटा ऐकू आलं तर ती मी नव्हे.

घासते —

निघाला. पळाली. जिन्यावर चपला वाजून राहिल्या. एक मजला खाली. पळ वं पोट्टी, पळ —

गाठ सुटली. मी नाही सोडली. हात —

थांब जरा. दीप्ती बे