कापलेला कोपरा

मुंबई, १२ मे १९७४

माय,

सुगनचा तुहे पाय धरून नमस्कार. मी खुशाल आहो, हे आधी ऐकून घे.

माह्या मागच्या पत्राचा कोपरा कापलेला पाहून तू ते वाचून न घेताच रडाले बसली, असं शेजारच्या भागिरथीनं कळवलं. माय, ते मरणाचं पत्र नव्हतं. हापिसात कॉम्प्युटर आला. त्याले सारं कार्डावर भोकं पाडून सांगा लागते. कार्ड उलटं लागू नये म्हणून त्याचा एक कोपरा कारखान्यातूनच कापून येते. एक भोक चुकलं का कार्ड बाद. अशाच बाद कार्डाच्या मागं मी तुले लिहिलं.

हे काम शिकलो तर नोकरी पक्की, असं साहेब म्हणतात. जुन्या कारकुनांचं काय, ते कोणी सांगत नाही. मशीनसाठी खोली इतकी थंड ठेवतात का मे महिन्यात मी स्वेटर घालतो. तुह्या गुडघ्याचं कसं आहे?

बाबा गेले तवा साऱ्या पत्रांचे कोपरे मीच फाडले होते. तरी मले आठवलं नाही. इथं दिवसाले पाचशे कार्डं हातातून जातात, सारीच कोपरा कापलेली.

हे पत्र साध्या कागदावर आहे. यापुढंही माह्यं पत्र आलं का आधी चारी कोपरे हातानं चाचपून पाह्य, मंगच भागिरथीले वाचाले सांग.

तुहा,
सुगन