मेथी निवडता निवडता

मालेगाव (वऱ्हाडातलं), मंगळवार, संध्याकाळ

शाळेतल्या समुपदेशनाची बातमी वेळेत दिली. संपादकांना तिथल्या एका मुलीचं नाव आणि फोटो हवा होता, मी नाही म्हटलं. म्हणून तिची गोष्ट इथे, डायरीत.

मुख्याध्यापकांनी हौसेने ऑफिसशेजारची खोली रंगवून घेतली, दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी ठळक पाटी लावली. तिथेच चुकलं. मुली म्हणाल्या, "त्या खोलीत गेलं का पोट्टे येडी म्हणतात." मग समुपदेशक बाई खिचडीच्या शेडमध्ये मेथी निवडायला बसू लागल्या, आणि मुली आपसूक भोवती जमू लागल्या. मेथी निवडताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. इतक्या शाळा पाहिल्या, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

आठवीतली वैशाली आई गेल्यापासून शाळेत बोलतच नव्हती. आज मेथीकडे बघतच म्हणाली, "बाई, मले आईचा आवाज आठवून नाही राह्यला."

बाईंनी समजूत घातली नाही. देठ खुडत विचारलं, "सकाळी आई तुले कशी उठवे?"

वैशालीने हातातली जुडी खाली ठेवली. मग एकदम खणखणीत, "ए ढमे, ऊठ नं वं! दिवस डोक्यावर आला!"

शेजारची पोरगी फिसकन हसली. "ढमे?"

"तू काहून हासून राह्यली वं?" वैशाली तिच्यावर ओरडली, आणि स्वतःच हसू लागली.

मी मोटरसायकल काढेपर्यंत शेडमधून ती हाक आणखी दोनदा ऐकू आली. आता तिला कुणी विचारलं नव्हतं.