नवव्या पट्टीवरचं कोटिंग

आदरणीय दादा,

तुमच्या एकुलत्या एका मेव्हण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आणि वहिनींची कंबर? (मागच्या वेळी दोन्ही दुखणी उलटसुलट विचारली गेली, त्याबद्दल वहिनी अजून रागावल्या असतील तर माफी असावी.) आम्ही सगळे ठीक. येत्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन आईंना कायमचं तुमच्याकडे न्यायला येताय, असं तुमच्या बहिणीने सांगितलं. ही वेळ सासूबाईंविरुद्ध लिहिलेल्या माझ्याच सात पानी पत्रामुळे आली, तेव्हा त्या विषयावर मी आज चकार शब्द काढणार नाही. हे पत्र निव्वळ तुम्ही पाठवलेल्या गिटारच्या तारांबद्दल आहे.

दादा, त्या तारा सतरा दिवसांत गेल्या हो! तुटल्या नाहीत, तुटल्या असत्या तर चार दिवस हळहळलो असतो आणि विसरलो असतो. त्यांचं कोटिंग गेलं. तुम्हाला आठवत असेल, कारखान्यात पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळींनी मला गिटार भेट दिली. (मी घड्याळ सुचवलं होतं.) आता आलीच आहे तर शिकू म्हणून रोज संध्याकाळी बसायला लागलो. माझे हात पहिल्यापासून घामट, त्यामुळे साध्या तारा दोन महिन्यांत काळ्या पडायच्या. तेव्हा तुम्ही मोठ्या मनाने, वरून पातळ थर दिलेल्या तारा पाठवल्यात. घाम आत शिरत नाही, सहा महिने बघायला नको, असं तुमच्या दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. आणि अठराव्या दिवशी बघतो तर काय, जाड तारांवरून पांढरे धागे लोंबतायत, उसवलेल्या स्वेटरसारखे! आवाज म्हणाल तर पत्र्याचा डबा बरा. साध्या तारा दोन महिने टिकाव्यात आणि चिलखत घातलेल्या सतरा दिवसांत लोळाव्यात, हा काय न्याय झाला? बरं, मी कोण? रंगाच्या कारखान्यात कोटिंग तपासणारा माणूस! पत्र्यावरचा रंग किती दिवसांत सुटेल ते नुसत्या नखाने सांगतो, म्हणून खात्यात मला सगळे ‘पोपडा’ म्हणतात. त्या पोपड्याच्या घरात, त्याच्या नाकासमोर कोटिंग सुटावं, म्हणजे अब्रूच गेली की.

मग रीतसर चौकशी लावली. कारखान्यातून भिंग आणलं, जेवणाच्या टेबलावर गिटार आडवी घातली आणि वहीत संशयितांची यादी केली. माझी नखं (कापली), तारा छेडायचं प्लास्टिकचं पिक (बदललं), दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची धार (बोट फिरवून पाहिली, बोट कापलं, पण पट्टी निर्दोष). निगा राखण्यात मी कसूर केलेली नाही. वाजवून झालं की रोज खात्यातल्या फडक्याने, खात्याच्या पद्धतीने, एकेक तार वरून खाली तीनदा घासून पुसतो. (त्या वेळी आई नाक दाबून बाल्कनीत जातात. त्यांना माझं काही म्हणजे काही बघवत नाही. पण या विषयावर बोलायचं नाही असं ठरलंय.) तर भिंगातून पाहिलं, पहिल्या तीन पट्ट्यांवर थर उडालेला. ठीक आहे, मला तीनच कॉर्ड येतात आणि तिन्ही तिथेच राहतात. चौथ्या पट्टीच्या पलीकडे मी आजवर पाऊल टाकलेलं नाही. पण दादा, भिंग पुढे सरकवलं आणि घाम फुटला. नवव्या आणि दहाव्या पट्टीवर तारा पार टकल्या झालेल्या! तिथे माझं काय काम? घरात कोणीतरी दुसरं वाजवत होतं.

मी घरातल्या सगळ्यांचे हात तपासायचं जाहीर केलं. तुमच्या बहिणीने भांडी घासता घासता दोन्ही हात फेसासकट माझ्या तोंडासमोर धरले आणि डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारलं. आईंनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. म्हाताऱ्या माणसाचे हात काय बघायचेत, म्हणाल्या, बघायचंच तर ते गॅसबिल बघा. मी वहीत ‘असहकार’ अशी नोंद केली आणि पुढे गेलो. इतका मी हुशार!

परवा मंगळवारी खात्यात वीज गेली, म्हणून भर दुपारी घरी सोडलं. किल्लीने दार उघडलं, एक बूट काढला, आणि आतून वाजवण्याचा आवाज आला. आधी वाटलं रेडिओ. पण रेडिओ अडखळत नाही. सूर छान वर चढत जायचे, एका जागी घसरायचे, पुन्हा मागे येऊन पहिल्यापासून सुरू. मी डोकावलो. आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, माझी गिटार मांडीवर, आणि डावा हात नवव्या पट्टीवर असा फिरत होता की मी या जन्मात फिरवू शकणार नाही. माझ्या वाजवण्याच्या वेळी कानात कापूस घालणाऱ्या त्याच ह्या बाई! (तो कापूस का, ते त्या क्षणी कळलं. जाणकाराला जास्त त्रास होतो.) खरं सांगतो दादा, मला भरून आलं. एका पायात बूट, एक हातात, असा मी पाय बधिर होईपर्यंत उभा राहिलो. मग हळूच बाहेर जाऊन बेल वाजवली. दार उघडेपर्यंत गिटार पिशवीत, चष्मा नाकावर. आज लवकर कसे, काढलं का कामावरून, असं त्यांनी नेहमीच्या मायेने विचारलं.

तुमच्या बहिणीला सगळं ठाऊक होतं. म्हणे आई लग्नाआधी शेजारणीकडे शिकल्या, स्वतःची गिटारही होती, आणि पहिलं मूल झाल्यावर सुटलं. पहिलं मूल म्हणजे तुम्ही. (तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही तेव्हा फार लहान होतात.) असो. तारा लवकर का गेल्या, त्याचा निकाल लागला: एका गिटारवर दोन माणसं. दुकानदाराला दोष देऊ नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा,
पोपडा

ता. क. रविवारी तुम्ही येऊ नये. म्हणजे या, जेवायला या, पण गाडीत येताना होतात तेवढेच जाताना असा. आईंना इथली सवय आहे. बरं, खरं लिहितो: तुमच्याकडे गिटार नाही. आणि मला ती अडखळायची जागा एकदा पार झालेली ऐकायची आहे.

ता. क. २. ते सात पानी पत्र फाडून टाकावं. रागाच्या भरात लिहिलं होतं. (पान पाच सोडून. पंख्याबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.)

ता. क. ३. चि. बाळास अनेक आशीर्वाद. हे मी, आई, लिहिते आहे. जावयांनी पत्र पाकिटात न घालता टेबलावर ठेवलं, म्हणजे मी वाचावं अशीच इच्छा असणार. तारा माझ्या वाजवण्याने गेल्या नाहीत. हे गृहस्थ रोज त्या थिनरच्या फडक्याने पुसतात! साध्या तारेचं थिनर काय बिघडवणार? पण वरचा थर त्याने मऊ पडतो आणि बोट लागेल तिथे सुटतो. पंचवीस वर्षं कोटिंग तपासणाऱ्याला हे मी सांगायचं? सतरा दिवस जीभ आवरली, कारण सांगितलं असतं तर तुम्हाला तारांतलं काय कळतं, असा प्रश्न आला असता. मी येत नाही. यांचा तिसरा कॉर्ड सुधारेपर्यंत तरी हलत नाही, म्हणजे बरीच वर्षं आली. आणि बाळा, तुझ्यामुळे वाजवणं सुटलं, हे खोटं आहे. एक तार तुटली होती. नवी आणून दे, असं कोणाला म्हणायचं तेच मला तेव्हा कळलं नाही. आज तुला म्हणते. साध्या आण, दोन जोड.