त्यांचं वेगळं ताट

३ मार्च
ह्यांना घरी सोडलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली आहे. निघताना डॉक्टरीणबाईंनी कागद हातात ठेवला – भूमध्य समुद्राकाठची माणसं जेवतात तसं जेवायचं! ऑलिव्हचं तेल, पालेभाज्या, कडधान्यं, मासे, मूठभर अक्रोड. लोणी, तळण, गोडधोड जवळपास बंद. "अशा जेवणानं पुन्हा झटका येण्याचा धोका कमी होतो. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत." मी नुसती मान हलवत होते. 

४ मार्च
तेलाची बाटली आणली. फक्त ह्यांच्यासाठी. धाकट्या लेकीच्या हाती लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवली.

९ मार्च
ह्यांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतः कधी वेळेवर जेवले नाहीत. आता ठीक एकला ताट समोर ठेवते. आज उकडलेले हरभरे, वर तेल-लिंबू. "हा काय घोड्याचा खुराक?" म्हणाले. मी म्हटलं, "घोड्याला झटका आलेला कधी ऐकलात?" हसले. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा. मी ओट्याशी जाऊन रडून घेतलं.

१५ मार्च
लोण्याचे चार डबे, बिस्किटं, खारवलेलं मांस – सगळं ह्यांनीच आजारापूर्वी भरून ठेवलेलं. धाकटी म्हणते, "फेकून दे ना, आई." अन्न फेकायला माझा हात धजत नाही. ती स्वतः वजनाच्या धास्तीनं त्याला शिवत नाही. मग काय, मीच संपवते आहे थोडं थोडं.

२ एप्रिल
ह्यांचं वजन चार किलो उतरलं! रक्तदाबही ताळ्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचं श्रेय बाईंना." शेजारीण विचारत होती, तुम्हीही तेच जेवता का? म्हटलं, मला काय धाड भरलीय!

११ एप्रिल
सकाळी उठायला ह्यांना उशीर झाला. मी नाकाशी बोट धरून पाहिलं. डोळे मिटूनच म्हणाले, "आहे गं अजून." असा संताप आला! दिवसभर बोलले नाही. ह्यांच्याशिवाय हे घर – नको, लिहवत नाही.

२० एप्रिल
नणंदबाई भावाला बघायला आल्या त्या भलामोठा केक घेऊनच! शहाणपणाची कमाल. ह्यांची नजर त्यावरून हलेना. त्या जाताच ओट्याशी उभ्या उभ्या मी अर्धा गिळला. लपवून ठेवला असता तर ह्यांनी शोधलाच असता. उरलेला उद्या संपवीन.

३ मे
जिना चढताना धाप लागते. शिलाईचं काम बसून करायचं, अंग जड होणारच. हे म्हणाले, "तूही एकदा दाखव." म्हटलं, आधी तुमचं होऊ दे नीट.

१२ मे
ह्यांना तपासणीला नेलं. ह्यांचे सगळे आकडे उत्तम. दवाखान्याचा जिना चढून मी भिंतीला टेकले होते, ते डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि मलाच पलंगावर झोपवलं. छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. तुमच्या हृदयाचं दुखणं जुनं आहे म्हणाल्या, उद्याच भरती व्हा. मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, "या बाई घरी काय जेवतात?"
हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "मी कधी पाहिलंच नाही."